पेरिमेनोपॉजची सुरुवातीची लक्षणे कशी ओळखावीत: आधी वही, मग तपासणी

रजोनिवृत्तीच्या आधीचा काही वर्षांचा संक्रमणकाळ, म्हणजे पेरिमेनोपॉज, ओळखताना बहुतेक जणींचा क्रम उलटा होतो. झोप उडाली, अचानक घाम फुटू लागला की आधी लॅबमध्ये जाऊन हार्मोन्सचे ‘पॅकेज’ केले जाते. अहवाल नॉर्मल आला की तो विषयच नाही असे ठरते. आणि पाळीच्या तारखा मात्र डॉक्टरांनी विचारल्यावर बोटांवर मोजून आठवल्या जातात. वास्तविक या अवस्थेची ओळख मुख्यतः वय, पाळीतील बदल आणि लक्षणांचा इतिहास या तीन गोष्टींवरून पटते, आणि या तिन्ही गोष्टी लॅबमध्ये मिळत नाहीत. याच्या अगदी विरुद्ध चूकही तितकीच सर्रास घडते. चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या प्रत्येक तक्रारीला ‘पाळी जायची वेळ आली, असं व्हायचंच’ असे उत्तर दिले जाते आणि थायरॉइड, रक्तक्षय किंवा त्याहून गंभीर दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते. पुढील टप्पे या दोन्ही चुका टाळण्यासाठी आहेत आणि ते दिलेल्या क्रमानेच करावेत.

आधी हे पाहावे: नोंद करत बसू नये अशी लक्षणे

पुढे तीन महिन्यांच्या नोंदीचा सल्ला दिला आहे. परंतु खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर तीन महिने थांबण्याचा प्रश्नच नाही, थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.

- एक संपूर्ण वर्ष पाळी न येता त्यानंतर पुन्हा रक्त जाणे, मग तो केवळ डाग असला तरीही.
- दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जाणे.
- सलग काही तास दर तासाला पॅड पूर्ण भिजणे, किंवा अडीच सेंटिमीटरहून मोठ्या, म्हणजे साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या, गाठी पडणे.
- रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालणे, किंवा २१ दिवसांच्या आतच पुन्हा पाळी येणे आणि असे वारंवार घडणे.
- वय ४०च्या आत असताना पाळी काही महिने बंद होणे.
- स्तनात गाठ लागणे.

छातीत दाब येणे, डावा हात किंवा जबडा दुखणे, घामाबरोबर दम लागणे ही लक्षणे असतील तर तो ‘हॉट फ्लॅश’ (अंगात अचानक उठणारी उष्णतेची लाट) आहे की काय याचा विचार घरी करू नये. लगेच रुग्णालय गाठावे. जगणे नकोसे वाटण्याइतके मन खचले असेल तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

टप्पा १: तयारी

एक छोटी वही आणि भिंतीवरची दिनदर्शिका एवढे पुरते. मोबाइलवरचे ॲप वापरण्यास हरकत नाही, मात्र अशी ॲप्स मागील सरासरीवरून पुढची तारीख ‘सांगतात’, आणि ज्या काळात ही सरासरीच मोडत असते त्या काळात ती भाकिते निरुपयोगी ठरतात. शिवाय काही जणी ॲपने दाखवलेली तारीखच खरी धरून पुढे जातात. ज्या घरात दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडरची तारीख कालनिर्णयवर टिपली जाते, तिथे पाळीच्या पहिल्या दिवशी एक बारीक फुली करणे ही सर्वांत टिकणारी पद्धत आहे, असे माझे मत आहे. तपशील मात्र वहीत लिहावा, कारण दिनदर्शिकेवर सगळ्या घराची नजर असते.

वहीच्या पहिल्या पानावर पुढील गोष्टी एकदाच लिहून ठेवाव्यात: वय, आई आणि मोठ्या बहिणींची पाळी साधारण कोणत्या वर्षी गेली, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आहे का, तांबी, हार्मोनची तांबी किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, गर्भाशय किंवा बीजांडकोश (ओव्हरी) काढले आहेत का, बीपी, मधुमेह, थायरॉइड, नैराश्य यांसाठी कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि धूम्रपान, तंबाखू किंवा मशेरीची सवय आहे का. मशेरी लिहायला संकोच वाटतो, पण निकोटिनने छातीत धडधड होऊ शकते, त्यामुळे डॉक्टरांना ती माहिती लागते.

वयाबाबत एक गैरसमज येथेच दूर करावा. परदेशी लेखांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय ५१च्या आसपास दिलेले असते; भारतीय स्त्रियांमध्ये ते साधारण ४६ ते ४७ वर्षे धरले जाते. संक्रमणकाळ त्याच्या काही वर्षे आधी सुरू होत असल्यामुळे ४१व्या किंवा ४२व्या वर्षी पहिले बदल दिसणे आपल्याकडे मुळीच नवलाचे नाही. ‘मी अजून पंचेचाळीसचीसुद्धा नाही’ एवढ्या कारणावरून ही शक्यता बाद करू नये.

टप्पा २: पाळीचे दिवस मोजणे

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात. पाळीचे चक्र मोजायचे ते रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापर्यंत. अनेक जणी पाळी संपल्याच्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे २८ दिवसांचे चक्र त्यांना २३ दिवसांचे वाटते. काही जणी केवळ तारीख लक्षात ठेवतात. पाच तारखेची पाळी दोन तारखेला आली की ‘तीन दिवस आधी आली’ असे म्हणतात, पण मधला महिना किती दिवसांचा होता हे पाहत नाहीत. पाळी पूर्ण सुरू होण्याआधी एक-दोन दिवस नुसते डाग दिसत असतील तर ते वेगळे लिहावेत आणि नेहमीसारखा स्राव सुरू झाला तो दिवस पहिला धरावा.

उदाहरणार्थ, समजा एखाद्या ४३ वर्षांच्या स्त्रीच्या पाळीच्या पहिल्या दिवसाच्या तारखा अशा आहेत: ४ जानेवारी, १ फेब्रुवारी, २४ फेब्रुवारी, २७ मार्च, २० एप्रिल. फेब्रुवारी २८ दिवसांचा धरला तर चक्रे अनुक्रमे २८, २३, ३१ आणि २४ दिवसांची झाली. ही स्त्री सांगताना ‘फेब्रुवारीत दोनदा आली, बाकी दर महिन्याला येते’ असेच सांगेल आणि ऐकणाऱ्यालाही त्यात विशेष वाटणार नाही. परंतु लागोपाठच्या दोन चक्रांमधील फरक पाहिला तर २३ आणि ३१ यांत आठ दिवसांचा, आणि ३१ व २४ यांत सात दिवसांचा फरक आहे. लागोपाठच्या चक्रांत सात किंवा अधिक दिवसांचा फरक पडणे आणि दहा चक्रांच्या आत तसा फरक पुन्हा पडणे, ही संक्रमणकाळाच्या आरंभाची जगभर वापरली जाणारी खूण आहे. दोन पाळ्यांमध्ये ६० किंवा त्याहून अधिक दिवसांचा खंड पडू लागला की हा काळ उत्तरार्धात आला असे मानतात, आणि सलग १२ महिने पाळी आली नाही तर रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात.

येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की सुरुवातीला पाळी लांबतेच असे नाही. पुष्कळदा ती अलीकडे येते. नेहमी २८ ते ३० दिवसांनी येणारी पाळी २४-२५ दिवसांवर येऊ लागते, स्राव वाढतो, पाळीपूर्वी स्तन अधिक ठणकतात. काही चक्रांत बीज बाहेर पडत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन पुरेसे तयार होत नाही, आणि इस्ट्रोजेन हे दुसरे हार्मोन मात्र एकसारखे कमी न होता कधी खूप वर जाते तर कधी खाली येते. गर्भाशयाचे अस्तर जाड होऊन मग एकदम सुटते. ‘पाळी जायची असती तर कमी झाली असती, मला तर जास्त जातंय’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

स्राव मोजताना ‘जास्त’ किंवा ‘खूप’ असे न लिहिता दिवसाला किती पॅड लागले, त्यांपैकी किती पूर्ण भिजले, रात्री बदलण्यासाठी उठावे लागले का, गाठी पडल्या का, एवढे लिहावे. कापड वापरणाऱ्यांनी दिवसातून किती वेळा बदलले ते लिहावे.

*सावधान:* गणपती, गौरी, घरातले लग्न किंवा तीर्थयात्रा यांसाठी पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेतली असेल तर त्या चक्रावर ठळक खूण करावी आणि वरील हिशेबात ते चक्र धरू नये. गोळी थांबवल्यावर येणारा रक्तस्राव शरीराच्या स्वतःच्या लयीने आलेला नसतो. भाद्रपद आणि नवरात्र अशा दोन्ही वेळी गोळ्या घेतलेल्या असतील तर त्या वर्षाच्या उत्तरार्धातील नोंद जवळजवळ वाया गेली असे समजावे.

*तपासून पाहावे:* पाळी चुकली आणि गर्भधारणेची थोडीशीही शक्यता आहे? मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पट्टीने लघवीची चाचणी आधी करावी. अनियमित पाळीच्या काळातही अधूनमधून बीज बाहेर पडत असते.

पाळी हा आधारच ज्यांच्याकडे नाही, त्यांनी हा टप्पा वगळून पुढच्या टप्प्यावर अधिक भर द्यावा. गर्भाशय काढलेले पण बीजांडकोश ठेवलेले असल्यास पाळी येणार नाही, तरी बीजांडकोशांचे काम चालू असते, आणि अशा स्त्रियांत ते काहीसे लवकर मंदावू शकते. हार्मोनची तांबी बसवलेल्या अनेक जणींचा स्राव जवळजवळ बंद होतो. गर्भनिरोधक गोळ्यांवर दर महिन्याला येणारा रक्तस्राव गोळ्यांच्या वेळापत्रकानुसार येतो, त्यामुळे तो नियमित आहे यावरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचे मात्र तसे नाही: त्यात केवळ बीजनलिका बंद केलेल्या असतात, म्हणून चाळिशीत पाळी बिघडली की ‘ऑपरेशनमुळे झालं’ असे म्हणून सोडून देऊ नये.

टप्पा ३: इतर लक्षणे, वेळेसकट

किमान तीन महिने, प्रत्येक लक्षणासमोर चार गोष्टी लिहाव्यात: घड्याळातली वेळ, किती वेळ टिकले, त्या वेळी काय चालले होते, आणि पाळीचा कितवा दिवस होता. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून नेमकी तीच लिहायची राहते.

हॉट फ्लॅश ओळखताना हवामानाशी गल्लत होते. मे महिन्यात अकोल्यात भरदुपारी घाम येणे हे काही लक्षण नव्हे. पण शेजारी झोपलेल्या माणसाने पांघरूण ओढून घेतलेले असताना आपण पांघरूण भिरकावून पंखा पाचवर करतो, छातीतून उठलेली उष्णता मानेवर, चेहऱ्यावर आणि कानशिलांपर्यंत चढते, मिनिटाभरापासून पाचेक मिनिटांत ओसरते, घामाने मान ओली होते आणि पाठोपाठ थंडी वाजते, तर तो प्रकार लिहून ठेवण्यासारखा आहे. घरात याला ‘उष्णता झाली’, ‘पित्त उसळलं’ किंवा ‘बीपी वाढलं असेल’ म्हणतात. सब्जा, कोकम सरबत घेण्यात काही बिघडत नाही, पण बीपीचा अंदाज बांधू नये, ते मोजून तो आकडाही वहीत लिहावा. हॉट फ्लॅश बहुधा संक्रमणकाळाच्या उत्तरार्धात वाढतात, म्हणून ते अजून आले नाहीत यावरून पेरिमेनोपॉज सुरू झालाच नाही असे ठरत नाही.

झोपेच्या बाबतीत दोन प्रकार वेगळे करावेत. झोप लागतच नाही, डोक्यात मुलांची दहावी-बारावी किंवा घराचा हप्ता घोळतो, हा एक प्रकार. झोप वेळेवर लागते, पण पहाटे दोन ते चारच्या दरम्यान जाग येते आणि मग डोळा लागत नाही, हा दुसरा. संक्रमणकाळात हा विशेष आढळतो. जाग आली तेव्हा अंगावरचे कपडे दमट होते का, हे त्या क्षणीच पाहावे, कारण सकाळपर्यंत घाम वाळून गेलेला असतो आणि ‘उगीच जाग आली’ एवढेच लक्षात राहते.

मनाच्या लक्षणांत क्षुल्लक कारणावरून संताप येणे, विनाकारण रडू येणे, आधी सहज जमणाऱ्या गोष्टींची धास्ती वाटणे, बोलताना नेमका शब्द न सुचणे यांचा समावेश होतो. ज्यांना पूर्वी पाळीआधीचा त्रास जास्त होता किंवा बाळंतपणानंतर नैराश्य आले होते, त्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावे. घरचे ‘हल्ली फार चिडचिड करतेस’ म्हणत असतील तर वाद घालण्याऐवजी कधीपासून असे वाटते ते विचारून महिना लिहून ठेवावा. ही साक्ष उपयोगी पडते.

याखेरीज सांधे सकाळी आखडणे, खांदा न वळणे, छातीत धडधड, पाळीच्या आसपास अर्धशिशी वाढणे, त्वचा कोरडी पडून खाज येणे, योनिमार्गातील कोरडेपणा, संबंधाच्या वेळी वेदना, लघवीची घाई किंवा वारंवार जळजळ ही लक्षणेही नोंदवावीत. शेवटची तीन लाजेपोटी लिहिली जात नाहीत.

*तपासून पाहावे:* उपवासाच्या दिवशी खूण केली का? संकष्टी, एकादशी किंवा नवरात्रातील डोकेदुखी, थरथर आणि घाम हे रिकाम्या पोटाचे असू शकतात, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर उतरल्याचेही. असा घाम फुटल्यास तत्काळ साखर मोजावी आणि गोड खावे.

टप्पा ४: दुसरे काही आहे का

नोंद तयार झाली की ‘हे पेरिमेनोपॉजच’ असा शिक्का लगेच मारू नये. याच वयात आणि याच वेषात येणारे आजार बरेच आहेत. थायरॉइडची अतिक्रिया असेल तर घाम, धडधड, चिडचिड आणि वजन घटणे दिसते. क्रिया मंदावली असेल तर थकवा, वजनवाढ, जास्त स्राव आणि विसराळूपणा. रक्तक्षयात दम, धडधड आणि थकवा येतो, आणि जास्त रक्तस्रावामुळे तो होत असल्याने दोन्ही एकत्र असणे अगदी नेहमीचे आहे. जीवनसत्त्व बी-१२ची कमतरता, विशेषतः शाकाहारी स्त्रियांत, थकवा आणि मुंग्या घेऊन येते. नैराश्यावरील काही गोळ्यांमुळेही घाम वाढतो.

रात्रीच्या घामाबाबत आपल्याकडे एक शक्यता विसरून चालणार नाही. दोन आठवड्यांहून जुना खोकला, संध्याकाळचा बारीक ताप किंवा वजन घटणे यांची जोड असेल तर आधी क्षयरोगाची तपासणी करावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ती विनामूल्य होते.

टप्पा ५: कोणत्या चाचण्या, आणि कोणत्या नकोत

पहिल्या फेरीत हिमोग्लोबिनसह रक्ताची संपूर्ण गणना, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), उपाशीपोटीची साखर आणि रक्तदाब एवढे बहुधा पुरते. हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय. ‘बायकांचं एवढंच असतं’ हे ऐकून घेऊ नये. स्राव बदललेला असेल तर डॉक्टर सोनोग्राफी सांगतात, आणि पंचेचाळिशीनंतरच्या अनियमित किंवा अतिरिक्त रक्तस्रावात गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासण्याचीही गरज पडू शकते.

एफएसएच (बीजांडकोशांना चालना देणारे हार्मोन मोजणारी) ही चाचणी मात्र स्वतःहून करून घेऊ नये. संक्रमणकाळात हा आकडा एका महिन्यात वर तर पुढच्या महिन्यात नेहमीसारखा असू शकतो. त्यामुळे एकच नॉर्मल अहवाल पेरिमेनोपॉज नाही असे सिद्ध करत नाही. वय ४५च्या पुढे असून पाळी अनियमित आणि लक्षणे स्पष्ट असतील तर निदानासाठी तिची सहसा आवश्यकता नसते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ती करून उपयोग नाही. ४०च्या आत मात्र ती आवश्यक ठरते, कारण तिथे बीजांडकोशांचे काम अकाली थांबते आहे का हे ठरवायचे असते, आणि त्यासाठी ती बहुधा काही आठवड्यांनी पुन्हा केली जाते. एएमएच या, बीजांडकोशांतील उरलेल्या बीजांचा अंदाज देणाऱ्या, महागड्या चाचणीवरूनही पेरिमेनोपॉजचे निदान करत नाहीत.

*सावधान:* केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास त्या थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे बिघडवू शकतात. डॉक्टरांना विचारून चाचणीपूर्वी किमान दोन दिवस त्या थांबवाव्यात.

टप्पा ६: डॉक्टरांसमोर काय ठेवावे

वाहत्या ओपीडीत पाच-सात मिनिटे मिळतात, तेथे पूर्ण वही वाचली जाणार नाही. म्हणून एका पानावर चार गोष्टी उतरवाव्यात: मागील पाळ्यांच्या पहिल्या दिवसांच्या तारखा आणि त्यांतील अंतर, स्राव किती दिवस आणि किती पॅड, सर्वांत जास्त त्रास देणारी तीन लक्षणे, चालू औषधे. पहिले वाक्य ‘मला कसंतरीच होतंय’ असे नसावे. ‘पूर्वी २८ दिवसांनी येणारी पाळी आता २३ ते ३१ दिवसांनी येते, आणि आठवड्यातून चार रात्री घामाने जाग येते’ असे असावे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीच झाली नसेल तर तेही याच भेटीत सांगावे. तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी ती सरकारी आरोग्य केंद्रांतही उपलब्ध असते.

जास्त स्रावाची तक्रार ऐकून कुणी लगेच ‘पिशवी काढून टाका’ म्हटले तर घाईने होकार देऊ नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. काही वेळा शस्त्रक्रिया गरजेचीच असते. तरी आधी तीन प्रश्न विचारावेत. सोनोग्राफीत किंवा नमुन्यात नेमके काय आढळले? गोळ्या किंवा हार्मोनची तांबी वापरून पाहता येईल का? आणि शस्त्रक्रिया केलीच तर बीजांडकोश ठेवणार की काढणार? दोन्ही बीजांडकोश काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, आणि तीही कोणताही संक्रमणकाळ न देता. उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरे मत घ्यावे.

भेटीनंतर वही बंद करू नये. गर्भनिरोधक थांबवण्याचा निर्णय वहीतल्या नोंदीवरच अवलंबून असतो: शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असेल तर त्यानंतर एक वर्ष, आणि पन्नाशीच्या आत आली असेल तर दोन वर्षे साधन चालू ठेवण्याचा सर्वसाधारण सल्ला आहे. ही ‘शेवटची पाळी’ कोणती होती, हे ती येऊन गेल्यानंतर वर्षभराने कळते, आणि मधल्या काळात एखादी पाळी आली तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावी लागते.